चावडीवरचा रेडिओ, माठातला स्पीकर आणि आबांची कॅसेट

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे गाळलेत, राहिलेले सांभाळून घ्या.

मला एक प्रश्न सारखा येतो. ‘तू इंजिनिअर ना, मग सांग, आठ-दहा हजारांत घरची साऊंड सिस्टीम कशी सुधारू?’ मी बीटेक केलंय, हिंजवडीत बसून कोड लिहितो. त्याचा आणि स्पीकरचा संबंध कमीच. पण गेल्या दिवाळीत हाच प्रश्न मलाच पडला, आणि तोही आमच्या गावच्या घरी. गाव म्हणजे महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. बालेवाडीजवळचं म्हाळुंगे नव्हे, आणि चाकणजवळचं महाळुंगेही नव्हे. हे मुद्दाम सांगतोय, कारण मी मागवलेलं एक पार्सल पहिल्यांदा बालेवाडीलाच जाऊन आलं होतं.

बजेट होतं आठ हजार. काम एकच. आमच्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या आवाजाची एक कॅसेट आहे. ते भजनी मंडळात गायचे. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. आजी आता नव्वदीकडे आली आहे, कानांनी कमी ऐकू येतं. ‘एकदा ह्यांचं भजन ऐकव’ एवढंच तिचं म्हणणं. घरातल्या जुन्या डेकवर लावली तर फीत गुंडाळली जायची, आणि चाललीच तर आवाज असा यायचा की कुणीतरी गोधडीत तोंड घालून गातंय. अण्णा म्हणाले, “दे भंगारात, नवीन घेऊन ये.” नवीन आणण्याआधी मी जरा मागे वळून पाहिलं, की आमच्याकडे आवाज आजवर सुधारला कसा? कारण पैसे तर कधीच नव्हते.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. परवाना वर्षाला दहा रुपये. परवाना परवडेलही, पण व्हॉल्व्हचा रेडिओ गिरणी कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा. देशभरात परवाने निघाले जेमतेम काही हजार, आणि १९३० मध्ये कंपनी बुडाली. त्याच वर्षी, त्याच मुंबईत, १२ डिसेंबरला आमच्या गावचे बाबू गेनू सैद काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले आणि गेले. वय बावीसच्या आसपास, काम गिरणीत. शाळेत हा धडा आम्ही मान ताठ करून वाचायचो, आमच्या गावचा माणूस म्हणून. पण त्या वर्षीची मुंबई कशी होती हे मला रेडिओचा इतिहास वाचताना जास्त कळलं. आवाज घराघरात पोचवायची यंत्रं शहरात आली होती, पण ती ज्यांच्या घरात होती त्यांच्यात बाबू गेनूंच्या चाळीतलं कुणी असणं शक्य नव्हतं.

गावात रेडिओ आला तो घरात नाही, चावडीवर आला. तोसुद्धा सरकारी, बॅटरीवर चालणारा, कारण वीजच नव्हती. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १ एप्रिल १९५५ पासून तिथून दर आठवड्याला गीतरामायण लागायला लागलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभरात ५६ गाणी. त्या वेळी लोक रेडिओला हार घालायचे हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण त्याच केंद्राने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट केली, ती फारशी कुणाला माहीत नाही, आणि माझ्या मते बजेट ऑडिओच्या इतिहासात ती जास्त महत्त्वाची आहे.

युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम ऐकायचा, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं, आणि प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली, पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ त्यात होते. त्यांनी मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं अशी तुलना केली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ होता तिथे त्या मानाने फारच कमी.

हे वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गप्प बसलो. यंत्र तेच, लहरी त्याच. बदलली होती फक्त बसायची पद्धत. एक पैसा न घालता झालेलं अपग्रेड. आज कुणी मला नवीन स्पीकरबद्दल विचारलं की मी आधी विचारतो, आहे तो कुठे ठेवलाय? कपाटावर, पडद्यामागे, छताला टेकून? आधी तो खाली घे, कानाच्या उंचीला आण, आणि तू कुठे बसतोस ते ठरव. निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं.

घरात रेडिओ आला तो ट्रान्झिस्टर. आबांनी कांद्याच्या पैशातून घेतलेला. ट्रंकेत पोस्टाचं परवान्याचं पुस्तक अजून आहे. त्या काळात रेडिओ ऐकायला पोस्टात दरवर्षी पैसे भरावे लागायचे, साध्या घरगुती सेटला पंधरा रुपये. माझ्या वयाच्या पोरांना हे सांगितलं की ते हसतात, आणि मग त्यांना त्यांची दर महिन्याची सबस्क्रिप्शन आठवतात. हा परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. ट्रान्झिस्टर जोरात लावला की चिरकायचा. मग आबा तो भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचे, म्हणजे मागची दगडी भिंत आवाजाला भर द्यायची. त्यांना ध्वनिशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. कोनाड्यात दिवा ठेवला की उजेड पुढे येतो, तसाच आवाजही येईल, एवढा हिशेब.

थोडं विषयांतर करतो, आमच्या भागाचं आहे म्हणून. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे, जीएमआरटी. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. ती उभारणारे गोविंद स्वरूप यांनी सुरुवात केली होती ती ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ जुन्या छोट्या तबकड्यांवर, १९६५ मध्ये कल्याणजवळ. खोडदला भरीव पत्र्याच्या तबकड्या परवडल्या नसत्या, म्हणून दोरखंडांवर ताणलेली तारेची जाळी वापरली. त्या लहरींना जाळी आणि पत्रा सारखाच, आणि वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडाही हलका चालतो. कमी पैशात चांगला रेडिओ करायचा म्हणजे कुठे खर्च करायचा नाही हे ठरवायचं. आबांचा कोनाडा आणि खोडदची जाळी मला एकाच घराण्यातल्या वाटतात. असो.

आता कॅसेट. आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, गिरणीत, भाजी मार्केटात, डबेवाल्यांत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो मोडला तो माणसांसकट. आमचे चुलत आजोबा गावी परत आले ते एक पत्र्याची पेटी आणि एक छोटा मोनो टेपरेकॉर्डर घेऊन. अगदी त्याच वर्षांत देशात स्वस्त कॅसेटचा पूर आला. तबकडी घ्यायची तर आधी प्लेअर हवा आणि वीज हवी. कॅसेट सेलवर चालायची, बैलगाडीतही वाजायची. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वाड्या-वस्त्यांवर पोचले ते असे. नारायणगाव जवळच, तिथल्या तमाशाचे वगही कॅसेटवर मिळायला लागले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लाल बटण. आजवर गावाने फक्त ऐकलं होतं. आता गावाला स्वतःचा आवाज साठवता येऊ लागला. आबांचं भजन त्याच रेकॉर्डरवर, देवळात, सेलवर भरलेलं आहे.

अण्णांच्या तरुणपणी ‘असेम्बल’चा जमाना आला. कंपनीची सिस्टीम परवडत नव्हती, मग मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. सुटा ट्रान्सफॉर्मर, सुटं सर्किट, पत्र्याची पेटी. अण्णांच्या ॲम्प्लिफायरमध्ये ४४४० नंबरचा आयसी होता, त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्रात असावा. मूळचा गाडीच्या टेपसाठीचा, त्यामुळे बारा व्होल्टवर चालायचा. लोडशेडिंग सुरू झालं की अण्णा ट्रॅक्टरची बॅटरी जोडायचे आणि गाणं तिथून पुढे. सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही की मग आबा आणि अण्णांचं जे व्हायचं ते इथे सांगत नाही.

आणि स्पीकर माठात. हे ज्यांनी पाहिलंय ते हसतील, पण त्यामागे शास्त्र आहे. उघडा स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागे ओढतो. खर्जाच्या लहरी लांब असतात, त्या कडेवरून फिरून एकमेकींना मारतात. म्हणून उघड्या स्पीकरला ठेका नसतो. माठाच्या तोंडावर तो घट्ट बसवला की मागची हवा आत कोंडते आणि ढोलकी ऐकू यायला लागते. शिवाय माठ गोल आणि कडक, पातळ प्लायवूडच्या खोक्यासारखा थरथरत नाही. दोष एकच, माठाचा स्वतःचा एक सूर असतो आणि तो प्रत्येक गाण्यात आपला सूर मिसळतो. त्यावर उपाय आत कापूस भरायचा. अण्णांनी आजीच्या उशीतला भरला होता.

तर हा सगळा वारसा घेऊन मी आठ हजार रुपयांसह उभा. जुन्या बाजारातून एक बऱ्यापैकी डेक मिळाला, घासाघीस करून बावीसशेला. नवे पट्टे, स्पिरिट आणि कापसाने हेड साफ, हे दोनशेत. जुन्या ॲम्प्लिफायरची घरघर फिल्टरचा कॅपॅसिटर सुकल्यामुळे होती, नवा ४७०० मायक्रोफॅरडचा टाकला, घरघर गेली. माठ तोच. आबांची कॅसेट लावली, आणि आवाज अजूनही गोधडीतूनच. डेक चांगला, दुसऱ्या कॅसेटी झकास, आणि हीच अशी.

दोन संध्याकाळी गेल्या. मग लक्षात आलं. कॅसेटचं हेड फितीला बरोबर काटकोनात हवं. चुलत आजोबांच्या रेकॉर्डरचं हेड वाकडं झालेलं असणार, म्हणून भजन वाकडंच भरलं गेलं. सरळ हेडला ते नीट वाचता येत नाही, वरचे सूर आधी जातात. म्हणजे चूक नव्या डेकची नव्हती, तो जास्तच सरळ होता. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून मी तो कणाकणाने फिरवत गेलो. पाव फेऱ्याच्याही आत टाळ उघडले. आधी नुसता खर्र असा आवाज होता तिथे टाळ. मग आबांचा ‘स’ ऐकू आला, जिभेवर थोडा अडखळणारा, जसा ते बोलायचे तसा. खर्च शून्य. नंतर स्क्रू परत जागेवर आणला, नाहीतर बाकीच्या कॅसेटी बिघडल्या असत्या.

अजून एक भानगड होती. भजन पुढे जाईल तसा आवाज बारीक आणि घाईचा होत जायचा. आजी म्हणाली, “हे असे कधी गात नव्हते.” बरोबर होतं तिचं. रेकॉर्डरचे सेल उतरत गेले, मोटर मंदावली, फीत हळू सरकली. आता नीट वेगाने वाजवली की ती पळते. पण किती पळते हे कळणार कसं? पेटी. पेटीचा सूर सेलवर अवलंबून नसतो. देवळातली ती पेटी अजून आहे. तिचा षड्ज फोनवर भरून आणला, लॅपटॉपवर कॅसेटमधल्या पेटीशी जुळवत वेग थोडा थोडा कमी करत गेलो. इथे मात्र बीटेक कामाला आलं.

मग माठ आजीच्या खाटेजवळ, तिच्या कानाच्या उंचीला, स्टुलावर ठेवला. अण्णा दारात उभे राहिले, आत आले नाहीत. आजीने पूर्ण बाजू ऐकली. शेवटी अभंग अर्ध्यावर थांबतो, टाळ खाली ठेवल्याचा आवाज येतो आणि आबा कुणाला तरी म्हणतात, “बंद कर रं ते, सेल उतरले.”