शिक्षकांचे प्रशिक्षण : पुण्यापासून सोनारीपर्यंत

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेकडील परंडा तालुक्यात सोनारी हे गाव आहे. काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे ते दूरवर परिचित आहे. अशा गावातील प्राथमिक शिक्षकाने नोकरी लागल्यानंतर पुन्हा काय शिकावे आणि कोणाकडून शिकावे, याची शासकीय व्यवस्था मात्र पुण्यापासून सुरू होते.

पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद प्रशिक्षणाचा आराखडा ठरविते. तिच्याखाली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच 'डाएट' येते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून या संस्था उभ्या राहिल्या. त्याखाली तालुक्याचे गटसाधन केंद्र आणि सर्वांत शेवटी दहा-बारा शाळांचे समूह साधन केंद्र. राज्यस्तरावर तयार झालेले तज्ज्ञ मार्गदर्शक जिल्ह्याच्या मार्गदर्शकांना शिकवितात, ते तालुक्याच्या मार्गदर्शकांना आणि ते अखेरीस शिक्षकांना. अल्पावधीत लाखो शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचा हा स्वस्त मार्ग खरा. परंतु वरच्या पायरीवर पाच दिवस चाललेली चर्चा खालच्या पायरीवर येईपर्यंत पुस्तिकेचे वाचन होऊन बसते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. द्विशिक्षकी शाळेची अडचण याहून वेगळी. एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले, की उरलेल्या एकाने चार वर्ग सांभाळायचे.

या जिल्ह्याला शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात स्वतःचे स्थान आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानातून १९४८ साली मुक्त झालेला हा प्रदेश शिक्षणात मागे होता. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात निवडलेल्या पाच जिल्ह्यांत तत्कालीन उस्मानाबादचा समावेश होता. औरंगाबाद, नांदेड, परभणी व लातूर हे अन्य चार. स्त्री-साक्षरतेचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून कमी असणे हा निवडीचा एक निकष होता. खर्चाचा ८५ टक्के वाटा केंद्राचा व १५ टक्के राज्याचा होता. किल्लारीचा भूकंप होऊन तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. पुढे सर्व शिक्षा अभियानाने दरवर्षी वीस दिवसांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचा निकष घालून दिला. २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत हा जिल्हा पुन्हा आला. त्या कार्यक्रमाच्या गुणांकनात शिक्षणाला ३० टक्के भार आहे. पाव शतकाच्या अंतराने तोच जिल्हा पुन्हा मागासांच्या यादीत यावा, ही बाब केवळ प्रशिक्षणाच्या दिवसांची मोजदाद करणाऱ्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

सर्व पायऱ्यांमध्ये केंद्राची पायरी सर्वांत मोलाची, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या कल्पनेचे मूळ कोठारी आयोगात (१९६४-६६) सापडते. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. जवळपासच्या शाळांनी समूह करून साधने आणि अनुभव वाटून घ्यावेत, ही आयोगाची शिफारस होती. महाराष्ट्रात १९९४ साली केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण झाली आणि या विचाराला शासकीय रूप मिळाले. केंद्रातील शिक्षकांनी ठरावीक काळाने शिक्षण परिषदेसाठी एकत्र यावे, एकाने नमुना पाठ घ्यावा, इतरांनी त्यावर बोलावे, अशी ही रचना. येथे शिकविणारा व शिकणारा एकाच भागातले असतात. ऊसतोडीच्या हंगामात मुले गावाबाहेर जातात, ती परतल्यावर त्यांचा अभ्यास कोठून धरायचा, हा प्रश्न पुण्याच्या पुस्तिकेत मिळणार नाही; शेजारच्या शाळेतील शिक्षकाकडे मिळण्याचा संभव अधिक. मात्र अनेक पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली, आणि जेथे ती भरली तेथे केंद्रप्रमुखांचा वेळ माहितीचे तक्ते गोळा करण्यात गेला. शैक्षणिक मार्गदर्शकाचा टपालवाहक झाला, असे म्हटले तर ते फार कठोर ठरू नये.

सहकाऱ्यांकडून शिकण्याची ताकद केवढी, हे साताऱ्याजवळच्या कुमठे बीटने दाखविले. तेथील शिक्षकांनी विस्तार अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली ज्ञानरचनावादी अध्यापन रुजविले आणि राज्यभरातील शिक्षक ते पाहण्यास येऊ लागले. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात शाळाभेटींना महत्त्व आले ते याच सुमारास. परंड्याला लागून असलेल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटली. वृत्तपत्रांनी या औदार्याची योग्य दखल घेतली. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची कल्पना एका खेड्यातील शाळेत घडली, हे तितकेच लक्षणीय होते.

मुख्याध्यापकांचे प्रशिक्षण हा दुर्लक्षित भाग होय. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पाचवीपर्यंतच्या शाळेत १५० हून अधिक विद्यार्थी असतील, तरच मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद मिळते. लहान गावांत व वस्त्यांवर हा आकडा गाठणे कठीण. तेथे ज्येष्ठ शिक्षक वर्ग सांभाळून कारभार पाहतो. शालेय नेतृत्वाची शिबिरे भरतात, परंतु ज्याच्याकडे पद नाही आणि जबाबदारी मात्र सारी आहे, असा हा 'प्रभारी' त्या आखणीत क्वचितच डोळ्यांसमोर असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षक व मुख्याध्यापकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. २०१७ चे 'दीक्षा' व्यासपीठ आणि २०१९ चा 'निष्ठा' कार्यक्रम यांमुळे त्यातील बराच भाग मोबाइलवर आला. प्रवास वाचला, शाळा बंद राहणे टळले. त्याचबरोबर चित्रफीत पुढे सरकवून प्रमाणपत्र मिळविण्याची वाटही मोकळी झाली. बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण अनिवार्य असल्याने शिकण्याचा संबंध वेतनाशी जोडलेला आहेच.

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने या प्रश्नाला धार आणली. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे त्यात सांगितले गेले. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना परीक्षेविना सेवेत राहता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. महाराष्ट्रात ही परीक्षा प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. त्यापूर्वी डी.एड. करून लागलेल्या, वीस-पंचवीस वर्षे शिकविलेल्या शिक्षकाला आता बालमानसशास्त्र, गणित व भाषेचे प्रश्न नव्याने सोडवावे लागतील. त्यांची तयारी डाएट व केंद्रांनी करून घ्यायची, की तालुक्याच्या गावी निघणाऱ्या खासगी शिकवण्यांनी, हे धाराशिवसारख्या जिल्ह्यांत आधी ठरावे लागेल.