पीएचपी भाषेतील फाईल-अपलोड व प्रगतिदर्शन : एक ऐतिहासिक आढावा

मोठ्या फाईलींच्या वहनाचा इतिहास बहुधा वेगाच्या अंगाने लिहिला जातो. किती भाग पोहोचला हे पाठविणाऱ्यास कसे कळावे, हा प्रश्न त्यात उपेक्षित राहतो. प्रस्तुत लेखात पीएचपी या स्क्रिप्टिंग भाषेच्या संदर्भात त्याचा मागोवा घेतला आहे.

एमआयटीतील अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा पहिला मसुदा मांडला. पुढे बर्कले युनिक्सवरील एफटीपी प्रोग्रॅमला ‘हॅश’ ही आज्ञा दिली की दर १०२४ बाइटांमागे पडद्यावर एक खूण उमटे. सोय साधीच, पण पाठविणारा अंधारात राहत नसे. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्सच्या नेबेल व मॅसिंटर यांनी वेब-फॉर्ममधून फाईल पाठविण्याची पद्धत सुचविली. आरंभीच्या ब्राउझरांनी मात्र पाठविलेल्या बाइटांचा आकडा फॉर्मच्या कर्त्यास उपलब्ध करून दिला नाही.

रास्मुस लेर्डोर्फ यांच्या पीएचपीत अडचण अधिक मूलगामी होती. संपूर्ण फाईल सर्व्हरवरील तात्पुरत्या जागेत उतरल्याखेरीज स्क्रिप्टची पहिली ओळही चालत नसे. जी स्क्रिप्ट सुरूच झाली नाही, ती प्रगती काय सांगणार? पर्लमधील सीजीआय स्क्रिप्ट येणारा मजकूर स्वतः वाचीत असल्याने तिला मोजणी करता येई. पीएचपीने वाचनाची ती कटकट प्रोग्रॅमरच्या डोक्यावरून उतरविली आणि तिच्याबरोबर मोजण्याची संधीही गेली. डायल-अपच्या काळात हे महागात पडे. व्ही.९० मोडेम सेकंदाला फार तर ३३.६ किलोबिट पाठवी. म्हणजे पीएचपीची मूळ मर्यादा असलेल्या २ एमबीच्या फाईलीसाठी आठ मिनिटांहून अधिक काळ निमूट प्रतीक्षा. कंटाळून पुन्हा बटण दाबले की सारे पहिल्यापासून!

पीएचपी ५.२ मध्ये (२००६) अपलोड चालू असताना आत डोकावण्यास जागा मिळाली. एपीसी हा विस्तार प्राप्त बाइटांची संख्या सामायिक स्मृतीत ठेवी व पृष्ठ दुसऱ्या विनंतीद्वारे ती विचारून घेई. पीएचपी ५.४ पासून (२०१२) हीच नोंद भाषेच्या स्वतःच्या सेशनमध्ये होऊ लागली. तथापि मधला सर्व्हर संपूर्ण विनंती आधी साठवून मग पुढे देत असेल, तर या मोजणीला अर्थ उरत नाही.

दरम्यान फायरफॉक्स ३.५ सारख्या ब्राउझरांनी (२००९) पाठविलेल्या बाइटांची मोजणी पृष्ठातील जावास्क्रिप्टला खुली केली. येथे प्रश्न सुटला, असे मानण्याकडे कल दिसतो. ते मत पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. ब्राउझर मोजतो ते आपल्या हातून सुटलेले बाइट. शंभर टक्के दिसल्यावरही सर्व्हर फाईल नाकारू शकतो, आणि अंतिम तारखेच्या रात्री प्रबंध सादर करणाऱ्यास त्या आकड्याचा उपयोग नसतो. पीएचपीच्या सेशनमधील नोंदीत मिळालेल्या बाइटांबरोबर प्रत्येक फाईलीचा त्रुटी-क्रमांकही असतो.