गावाला नंबर पडले, मग तालीम कुणाची? उजनीकाठच्या एका विषयाची गोष्ट

"गावच्या तालमीवर पीएचडी होते का हो?" पेट परीक्षेची तयारी करणारी मुलं हे हमखास विचारतात. होते. विषय लहान आहे म्हणून कुणी अडवत नाही. अडतं ते कागदाशी.

आधी जरा लांबून येतो. आयर्लंडमध्ये 1884 साली थर्ल्स गावात गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे तिचे खेळ, आणि तिथल्या क्लबचा पाया म्हणजे पॅरिश, आपल्याकडं चर्चखालचा गावपरिसर म्हणता येईल. खेळाडू बिनपगारी. मैदान लोकांनी वर्गणी काढून उभं केलेलं. वाचताना मला सारखी आपली तालीम आठवायची. फरक इतकाच की तिथल्या साध्या खेड्यातल्या क्लबचाही जाडजूड इतिहास लिहून झालेला असतो. सभांची इतिवृत्तं असतात, स्थानिक वर्तमानपत्रांतल्या सामन्यांच्या बातम्या असतात. आणि सुरुवातीच्या वर्षांसाठी ब्रिटिश पोलिसांचे अहवालही असतात, कारण या संघटनेत क्रांतिकारक शिरलेत म्हणून तिच्यावर पाळत होती. सरकारला ज्याची भीती वाटली, त्याचे कागद सरकारनंच जपले!

उजनीकाठच्या तालमींची अशी भीती कुणाला वाटली नाही.

भीमेवरच्या या धरणाची पायाभरणी 1966 ची, धरण पूर्ण झालं 1980 ला. करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली आणि वर माळावर नवी गावठाणं बसली. काही गावांचे तुकडे झाले. म्हणून आज करमाळा तालुक्यात वांगी नंबर 1, नंबर 2 असं ऐकू येतं, केत्तूरचंही तसंच. आता मला सांगा, जुन्या गावची एक तालीम होती, तिचा वारस कोण? नंबर 1 की नंबर 2? आयरिश इतिहासकाराला क्लबची हद्द पॅरिशवरून सांगता येते. इथं हद्दच पाण्यात आहे.

मुलाखतीला बसलं की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "धरण आलं अन् तालीम बुडाली." मीही सुरुवातीला तेच लिहून टाकलं होतं. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला, "कधी?" त्या शब्दानं माझं पुढचं वर्ष खाल्लं.

कारण 1966 आणि 1980 च्या मधे चौदा वर्षं आहेत. गाव उठणार हे माहीत आहे, पण अजून उठलेलं नाही. अशा गावात तालमीच्या गळक्या छपरासाठी वर्गणी कोण देईल? हौदातली माती कोण बदलेल? भीमाकाठची जमीन काळी. कुस्तीला तांबडी माती लागते, ती बाहेरून आणायची, चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचं. हा खर्चाचा आणि गावकीच्या एकोप्याचा मामला आहे. म्हणजे तालीम पाणी यायच्या आधीच ओस पडली असेल का? की उलट, शेवटच्या जत्रांचे फड जास्तच जोरात भरले असतील? दोन्ही शक्य आहे, आणि गावागणिक उत्तर वेगळं असू शकतं.

साल विचारून उपयोग नसतो. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, खुणा सांगतात. मी विचारतो, "तात्या, दुष्काळात सुकडी खाल्ली, तेव्हा तालमीत जात होता का?" म्हणजे 1972. त्याच्या अलीकडं की पलीकडं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

कागदांचं म्हणाल तर गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो, त्यामुळं तालमीची नोंद तिथं शोधू नका. ग्रामपंचायतीचा नमुना 8 बघा. भूसंपादनाचे निवाडे बघा. त्यात घरं, विहिरी, झाडं यांची भरपाई लिहिलेली असते. सगळ्या गावाच्या इमारतीचा मालक म्हणून तिथं कुणाचं नाव लागलंय, की कुणाचंच नाही, हा स्वतंत्र प्रकरणाचा ऐवज आहे. सोलापूरच्या दैनिकांच्या जुन्या फायलींत जत्रेच्या कुस्त्यांच्या बातम्या सापडू शकतात. आणि कुस्त्यांची हँडबिलं! कुणाची जोड कुणाशी, इनाम किती, पंच कोण, सगळं एका कागदावर. लोक ती ट्रंकेत तळाला अंथरतात, म्हणून कधीकधी वाचतात. मात्र रेवडीवरच्या पोरांच्या कुस्त्या त्यात नसतात, आणि गावातली निम्मी पोरं तेवढंच खेळलेली असतात.

अजून एक चूक सांगतो, माझीच. वर्षभर मी फक्त पैलवानांशी बोललो. तालमीत बायकांना जागा नव्हती, म्हणून त्यांना विचारावंसंच वाटलं नाही. पण पोराच्या खुराकाला रोज किती दूध जायचं, बदामासाठी काय विकलं, धाकट्याच्या वाटणीचं तूप कुठं गेलं, हे आईला आणि बहिणीला पाठ असतं. तालमीचा जमाखर्च वस्तादाकडं कमी, चुलीपाशी जास्त होता.

धरणाला किती दोष द्यायचा, हे तुलनेशिवाय ठरत नाही. म्हणून मी त्याच तालुक्यातलं, पाण्याच्या रेषेवर राहिलेलं, न उठलेलं एक गाव घेतलंय. धरण नसलेल्या गावांतल्या तालमीही ओस पडल्याच आहेत. स्पर्धेची कुस्ती मॅटवर गेली, तयारी करणारी पोरं शहरातल्या मोठ्या तालमींत गेली. उलट धरणाच्या पाण्यावर काठाला ऊस आणि केळी आली, काही घरांत पैसा आला. त्यातला जत्रेच्या इनामात किती गेला आणि हौदात किती, हे मला अजून मोजायचंय.

घाई एकाच गोष्टीची आहे. जुन्या गावच्या शेवटच्या फडात जो विशीत होता, तो आज पासष्टीच्या पुढं आहे. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली, तेव्हा पळसदेवच्या जुन्या देवळासारख्या खुणा उघड्या पडल्या. पाणी पुन्हा तसं उतरेल तेव्हा मला एखाद्या तात्यांना बरोबर घेऊन जुन्या गावठाणात चालायचंय. हौद कुठं होता, हे त्यांनी काठीनं दाखवायचं आणि मी टेप धरायची.