दुसरा हेर्त्सोग

जपानच्या सासेबो या बंदराच्या गावात टेक्नोसॉफ्ट नावाची एक छोटी गेम कंपनी होती. १९८९च्या अखेरीस तिनं सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलसाठी एक व्हिडिओ गेम काढला. कंपनी जपानी, पहिलं गिऱ्हाईकही जपानी, नाव मात्र जर्मन : ‘हेर्त्सोग त्स्वाय’. म्हणजे ड्यूक नंबर दोन. (पहिला ‘हेर्त्सोग’ आदल्याच वर्षी येऊन गेला होता.) जर्मन कशाला? बहुधा कानाला भारदस्त लागतं म्हणून. आपल्याकडचे बिल्डर इमारतींना इटालियन नावं देतात, त्यातलाच प्रकार. शब्दकोश उघडून कुणी हे नाव ठेवलं असेल, असं वाटत नाही.

उघडला असता तर मात्र गंमत झाली असती. जुन्या जर्मनमध्ये ‘हेरी’ म्हणजे सैन्य आणि पुढचा भाग ‘नेणारा’ या अर्थाचा. हेर्त्सोग म्हणजे सैन्य नेणारा. आता ‘स्ट्रॅटेजी’ची फोड करा. ग्रीक ‘स्त्रातोस’ म्हणजे सैन्य, ‘आगेइन’ म्हणजे नेणं, आणि त्यावरून ‘स्त्रातेगोस’, सेनापती. पुढे ज्या जातीच्या गेमना जग ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणजेच आरटीएस म्हणू लागलं, तिच्या मूळपुरुषाच्या नावाचा अर्थच ‘स्त्रातेगोस’ निघावा, हा योगायोग साधा नाही.

भाषापंडितांचं इथे भांडण आहे. एका गटाच्या मते हेर्त्सोग हा शब्द जर्मनांनी घडवलाच नाही; बायझंटाइन दरबारातली ‘स्त्रातेलातेस’ ही पदवी गॉथ लोकांनी शब्दाला शब्द ठेवून उचलली आणि ती उत्तरेकडे गेली. दुसरा गट म्हणतो, लढाईपुरता पुढारी नेमायची चाल जर्मन टोळ्यांत होतीच, त्याला नाव द्यायला ग्रीकांची काय गरज? शिवाय जुन्या इंग्रजीतही ‘हेरेतोगा’ सापडतो. उसनवारीची कथा रंगतदार आहे, पण दुसरं म्हणणं सरळ आणि म्हणून जास्त पटणारं. त्याला एक बारकावाही जोडता येतो. हेर्त्सोगमधला धातू मुळात ‘ओढण्या’चा आहे. आणि ओढणारा पुढे असतो, मागे नकाशा पसरून बसलेला नसतो.

गेममध्येही नेमकं तेच आहे. पडदा दोन भागांत चिरलेला, दोन खेळाडू समोरासमोर. प्रत्येकाच्या हाती एकच यंत्र; ते क्षणात विमान होतं, क्षणात रोबो. रणगाडे आणि शिपाई विकत घ्यायचे, विमानानं एकेक उचलून आघाडीवर टाकायचे. हुकुमालाही पैसे पडतात. ‘ठाणं राख’ सांगितलेल्या रणगाड्याला ‘हल्ला कर’ सांगायचं, तर पुन्हा खिशात हात घालायचा. एकदा हुकूम दिला की सैन्य आपलं आपण चालतं, आणि ड्यूकसाहेब स्वतः त्याच्या पुढे लढत असतात.

मूळपुरुषाच्या मानासाठी इतरही दावेदार आहेत. १९८४चा ‘एन्शन्ट आर्ट ऑफ वॉर’ आहे, १९८७चा ‘नेदर अर्थ’ आहे. वयानं दोन्ही थोरले. पण वंश कुणाचा वाढला ते पाहायचं, तर लास व्हेगासच्या वेस्टवुड कंपनीत जावं लागतं. ‘ड्यून टू’ (१९९२) करणाऱ्या ब्रेट स्पेरी यांनी हेर्त्सोग त्स्वाय आवडल्याचं सांगितलं आहे, आणि त्याच दमात दुसरं ऋणही कबूल केलं आहे : मॅकिन्टॉशचा डेस्कटॉप. फाइलवर क्लिक करता येतं, तर रणगाड्यावर का नको? इथे सेनापती रणांगणातून उठला आणि ढगात जाऊन बसला. त्याच्या हाती उरला फक्त माउसचा बाण.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे : वॉरक्राफ्ट, कमांड अँड कॉन्कर, एज ऑफ एम्पायर्स, १९९८चा स्टारक्राफ्ट, त्यामागे वेडा झालेला कोरिया.

ही हेर्त्सोगच्या वंशाची थोरली पाती. धाकटी पाती मात्र गुपचूप वाढत होती. १९९८मध्येच ‘फ्यूचर कॉप : एलएपीडी’ नावाचा गेम आला. त्यातल्या ‘प्रीसिंक्ट असॉल्ट’ या प्रकारात पुन्हा एकच रूप बदलणारं यंत्र आणि आपोआप चालणारं सैन्य. चेहरा ओळखीचा आहे ना? स्टारक्राफ्टसोबत नकाशे बनवायचं साधन फुकट मिळे. त्यावर कुणा हौशी खेळाडूनं ‘इऑन ऑफ स्ट्राइफ’ रचला, तो याच प्रीसिंक्ट असॉल्टच्या नादानं, असं म्हणतात. म्हणजे थोरल्या पातीच्या वाड्यात धाकटीनं चूल मांडली. त्याच धर्तीवर २००३मध्ये वॉरक्राफ्ट थ्रीच्या नकाशावर ‘डोटा’ आला, २००९मध्ये लीग ऑफ लेजंड्स, २०१३मध्ये डोटा टू. या जातीचं नाव मोबा. खेळाडूकडे एकच वीर. बाकीची फौज स्वतःच चालते.

आरटीएस का ओसरले, याची उत्तरं अनेक दिली जातात. माउसशिवाय ते नीट खेळता येत नाहीत, म्हणून कन्सोलवर रुजले नाहीत, हे खरंच. ते फार अवघड आहेत, कोरियन व्यावसायिक मिनिटाला तीनशेवर हालचाली करतात. हे अर्धंच खरं, कारण डोटाही काही सोपा नाही. फरक दोषाच्या वाटणीत आहे. स्टारक्राफ्टमध्ये हरलं की खापर फोडायला दुसरं डोकं नसतं. डोटात चार सोबती असतात. पण मूळ कारण भाऊबंदकीचं आहे, असंच ही वंशावळ पाहून वाटतं. लोकांना सैन्य हवं होतं, त्याची उस्तवार नको होती. ओढणारा सेनापती परत आला आणि ढगातल्याची गादी गेली.

उलटी नक्कलही करून झाली. २०१७च्या ‘डॉन ऑफ वॉर थ्री’नं आरटीएसला मोबाचे कपडे चढवले : वीर, बुरूज आणि फोडायचा गाभा. जुने खेळाडू चिडले, नवे आले नाहीत, आणि वर्षाच्या आत कंपनीनं त्यावरचं काम थांबवलं. २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांत प्रदर्शनीय ई-स्पोर्ट्समध्ये स्टारक्राफ्ट टू होता. २०२३मध्ये हांगचौला पदकांसाठी सात गेम होते. त्यांत चार मोबा. स्टारक्राफ्ट नाही.

एज ऑफ एम्पायर्स टू आजही जोमानं खेळला जातो, तेव्हा वंश बुडाला असं म्हणणं चूक ठरेल. पण २०२०च्या ऑक्टोबरात ब्लिझार्ड कंपनीनं आपल्याच स्टारक्राफ्ट टूसाठी विकत घेण्याजोगं नवं काही करणार नसल्याचं जाहीर केलं. त्याआधी दोनच महिने, ऑगस्टमध्ये, टेक्नोसॉफ्टचे हक्क घेऊन बसलेल्या सेगानं ‘हेर्त्सोग त्स्वाय’ नव्यानं बाजारात आणला होता, निंटेंडो स्विचवर.