कानाचे रांजण

दारातला रांजण किती घागरींनी भरतो, हे बीड जिल्ह्यातील दुष्काळी गावांत घरोघरी ठाऊक असते. काना येथील सहा दगडी रांजणांचे काय?

प्रत्येकात दोन-तीन ‘मेत्रेतेस’ पाणी मावत असे, असे संत योहान सांगतो. हे ग्रीक माप सुमारे ३९ लिटरचे. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस इब्री ‘बथ’ही तेवढाच धरतो, उत्खननात सापडलेल्या घटांवरून मात्र बथ सुमारे २२ लिटरचा मानला जातो. मराठी बायबलमधील ‘मण’ ग्रीक मापाच्या जवळ जातो. ४० शेरांचा मण म्हणजे ३७.३ किलो.

मेत्रेतेसच्या हिशेबाने सहा रांजणांत ४६८ ते ७०२ लिटर पाणी मावे. १५ लिटरच्या घागरीने ३१ ते ४७ खेपा! चमत्काराआधी त्या निनावी सेवकांनी केल्या. त्यांचे श्रम बीडच्या माउलीला लिटरमध्ये सांगावे लागत नाहीत.