तारापूरच्या कोटातील विहिरी व आज्ञापत्र

वाणगावच्या पश्चिमेस समुद्रकाठी तारापूरचा फिरंगी कोट आहे. त्याच्या आतील विहिरींवरून आम्हांस रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र स्मरले. १६८९ त संभाजी महाराज मारले गेले, रायगडही मोगलांकडे गेला. त्या मोडत्या राज्यास ज्यांनी सावरले, त्यांनीच १७१५ च्या सुमारास ही राजनीती लिहिली. पाणी पाहूनच गड बांधावा. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात, म्हणून जोडीस टाकी खोदावी, इतका बारकावा तींत आहे. हे ज्ञान पुस्तकी खास नव्हे! मात्र ही तजवीज लांबणाऱ्या वेढ्याची होय. जानेवारी १७३९ त चिमाजी अप्पांच्या फौजेने तारापूर हल्ला करून घेतले. बाजी भीमराव रेटरेकर तेथे पडले. कोटात पाण्याची टंचाई होण्याइतका अवधीच मिळाला नाही.