गाळणीची परीक्षा

दिवाळीच्या आधीं घराची झाडलोट निघाली म्हणजे घरांतली कर्ती बाई प्रथम एक गोष्ट करिते. पदर नाकातोंडावरून घेऊन घट्ट खोंवते, आणि मगच उंच झाडू जळमटांना लावते. हवा कापडांतून पार होते आणि धूळ कापडावर अडकते, हें ज्ञान तिला कोणीं शाळेंत शिकविलेलें नसतें. आतां समजा, एखादा गृहस्थ पेटंट-कचेरींत जाऊन म्हणाला कीं, कापडानें धूळ अडविण्याची युक्ति माझी आहे, वीस वर्षेंपर्यंत माझ्या परवानगीवांचून ती कोणीं वापरूं नये. तर आपण त्याला हंसूं. पण तोच गृहस्थ असें म्हणाला कीं, अमुक यंत्रांत, अमुक जागीं, अमुक रीतीनें बसविलेलें कापड ही माझी युक्ति आहे, तर? मग हंसणें थांबवून विचार करावा लागतो. हा विचार करण्यासाठीं जो सरकारी अधिकारी नेमलेला असतो, त्याला पेटंट-परीक्षक म्हणतात. श्रोतेहो, धूळ ओढून घेणारें जें यंत्र व्हॅक्यूम क्लीनर या नांवानें आपणांस ठाऊक आहे, त्याच्या गाळणीच्या निमित्तानें या परीक्षेची हकीकत आज सांगावयाची आहे.

पेटंट हा मुळांत एक करार आहे. शोधकानें आपलें गुपित उघड करून त्याचें लेखी वर्णन सरकारदप्तरीं ठेवावें. त्याच्या मोबदल्यांत सरकार त्याला ठराविक मुदतीचा मक्ता देतें. मुदत संपली म्हणजे तें ज्ञान सर्वांचें होतें. करार चांगला आहे, परंतु त्याच्या पोटांत एक अट आहे. शोधक जें देऊं करितो, तें लोकांजवळ आधींच नसलें पाहिजे. तें असेल, तर सरकार स्वतःचें कांहींच देत नाहीं; गांवची विहीर एकाच्या नांवें करून देतें. म्हणून 'हें नवें आहे काय?' हा प्रश्न कोणीं तरी विचारलाच पाहिजे. तो मक्ता देण्यापूर्वीं विचारावा, कीं पुढें भांडण लागल्यावर कोर्टानें विचारावा, याविषयीं मात्र निरनिराळ्या देशांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं.

प्रथम १९०१ सालच्या लंडनमध्यें जाऊं. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा तीस वर्षांचा इंजिनीयर एम्पायर नाट्यगृहांत एका अमेरिकन यंत्राचा प्रयोग पाहावयास गेला होता. त्या यंत्रांतून दाबलेली हवा जोरानें गालिच्यावर सोडीत. उडालेली धूळ एका पेटींत जाऊन पडावी, अशी योजना होती. पण पुष्कळशी धूळ पेटींत न जातां पुन्हां गालिच्यावरच येऊन बसे. फुंकण्याऐवजीं धूळ ओढून कां घेत नाहीं, असें बूथनें यंत्रवाल्यास विचारलें. तो चिडला आणि तें अशक्य आहे असें सांगून मोकळा झाला.

बूथच्या डोक्यांतून तो विचार जाईना. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका उपाहारगृहांत बसला असतां त्यानें खुर्चीच्या मखमली पाठीला तोंड लावून जोरानें श्वास ओढला. पुढें काय झालें, याचे दोन पाठ प्रचारांत आहेत. बूथनें पुष्कळ वर्षांनीं स्वतः सांगितलेल्या हकीकतीप्रमाणें त्याला ठसका लागून तो जवळजवळ गुदमरला. दुसरा, अधिक लोकप्रिय पाठ असा कीं, त्यानें मध्यें रुमाल धरला होता, आणि रुमालाच्या खालच्या अंगास धुळीचा काळा डाग उमटला. यांतला खरा कोणता, हा वाद बाजूस ठेवूं. दोन्ही पाठ शेजारीं ठेवून पाहिले, तर त्यांच्यांतील अंतर नेमकें एका फडक्याचें आहे. पहिल्यांत ओढ आहे, पण गाळणी नाहीं, म्हणून माणूस गुदमरतो. दुसऱ्यांत ओढीबरोबर गाळणी आहे, म्हणून धूळ हातीं लागते. यंत्राचेंहि तसेंच आहे. पंपाच्या आधीं कापड नसेल, तर खोलींतील धूळ पंपांत जाऊन त्याचा दट्ट्या झिजवील.

३० ऑगस्ट १९०१ रोजीं बूथनें पेटंटासाठीं अर्ज केला. त्याचें यंत्र एवढें अवजड होतें कीं, तें घोडागाडीवर घालून रस्त्यांत उभें करीत, आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरांत नेत. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठीं वेस्टमिन्स्टर अॅबींत अंथरलेला गालिचा या यंत्रानें साफ केला, आणि बूथचें नांव सर्वतोमुखीं झालें.

आतां मुख्य प्रश्न. हा शोध नवा आहे किंवा नाहीं, याचा तपास ब्रिटिश पेटंट-कचेरीनें केला होता काय? नव्हता, आणि करण्याचा तिला अधिकारहि नव्हता. १८८३ च्या कायद्यानें तेथें परीक्षक नेमले खरे. पण अर्ज रीतसर आहे काय, वर्णन समजण्याजोगें आहे काय, एवढेंच त्यांनीं पाहावयाचें होतें. शोधाच्या नावीन्याविषयीं ज्याला शंका असेल, त्यानें स्वतःच्या खर्चानें कोर्टांत जावें, अशी व्यवस्था होती. ऐकावयास ही व्यवस्था उदार वाटते. पण तिचा भार कोणावर पडे? एखाद्या लहान कारखानदाराला वकिलाची नोटीस आली कीं, तुझी वस्तु माझ्या पेटंटांत बसते, तर तें पेटंट पोकळ आहे हें मनांत समजूनहि तो बिचारा गप्प बसे. कारण कोर्टाचा खर्च त्याच्या सगळ्या भांडवलाहून अधिक. उलट, प्रामाणिक शोधकाच्या हातीं पडणारा कागदहि तितकाच संशयित ठरे. खऱ्या नाण्यांत खोटीं नाणीं मिसळलीं म्हणजे खऱ्याचीहि किंमत उतरते.

खोटीं नाणीं किती होतीं, याची मोजदाद बूथच्या अर्जाच्याच वर्षीं झाली. सर एडवर्ड फ्राय यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें मंजूर झालेलीं सुमारें ९०० वर्णनपत्रें जुन्या दप्तराशीं ताडून पाहिलीं. शेकडा ४२ पेटंटांत, पूर्णपणें किंवा अंशतः, आधींच प्रसिद्ध झालेला मजकूर निघाला. तेव्हां सरकार जागें झालें. १९०२ च्या कायद्यानें परीक्षकांनीं मागील पन्नास वर्षांचीं ब्रिटिश वर्णनपत्रें चाळलींच पाहिजेत असें ठरलें, आणि १ जानेवारी १९०५ पासून तें काम सुरू झालें.

या चाळणीचीं भोकें मात्र पाहाण्यासारखीं होतीं. ती फक्त ब्रिटिश कागद चाळी. अमेरिकेंत आयोवा संस्थानांतील डॅनियल हेस या गृहस्थास १० जुलै १८६० रोजीं एक पेटंट मिळालें होतें. त्याच्या यंत्रांत फिरता ब्रश होता, हवा ओढून घेणारा भाता होता, आणि ओढलेल्या हवेंतील धूळ धरून ठेवण्यासाठीं पाण्याचीं दोन पात्रें होतीं. म्हणजे बूथच्या रुमालाआधीं एकेचाळीस वर्षें ओढ आणि गाळणी ही जोडी कागदावर उतरलेली होती. गाळणी तेवढी कापडाची नसून पाण्याची होती. लंडनचा परीक्षक १९०५ नंतरहि हा कागद पाहाण्यास बांधलेला नव्हता. सरकारी चाळणी जेवढ्या भोकांची विणावी, तेवढेंच ती अडविते.

अमेरिकेनें परीक्षेचा मार्ग फार आधीं धरला होता. १७९० च्या पहिल्या कायद्यानें हें काम खुद्द मंत्र्यांकडे दिलें होतें. टॉमस जेफरसन त्यांतले एक. राज्याचा कारभार सांभाळून चक्क्या आणि चरक तपासणें मंत्र्यांस जमेना, म्हणून १७९३ सालीं परीक्षा सोडून नुसती नोंद ठेवण्याची रीति आली. पण पोकळ पेटंटांचा सुळसुळाट झाला, आणि १८३६ च्या कायद्यानें पगारी, जाणत्या परीक्षकांची नेमणूक झाली. या परीक्षेला वेळ लागे. डेव्हिड केनी यानें १९०१ सालीं केलेल्या अर्जावर १९०७ सालीं पेटंट मिळालें. उलट जेम्स मरे स्पँगलर याचें काम लवकर झालें. ओहायो संस्थानांतील कँटन गांवीं तो झाडलोटीची नोकरी करी. त्याला दमा होता, आणि झाडतांना उडणारी धूळ त्याला सोसेना. त्यानें विजेचा पंखा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून हातांत धरतां येईल असें यंत्र बनविलें. १९०७ सालीं अर्ज, आणि २ जून १९०८ रोजीं पेटंट. तें त्यानें विल्यम हूव्हर यास विकलें, आणि हूव्हर हें नांव पुढें इंग्लंडांत झाडण्याच्या क्रियेलाच मिळालें.

रुमाल जुना, अभ्रा जुना, पंखा जुना. मग नवें काय? येथें परीक्षेचा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न उभा राहातो. वस्तु जशीच्या तशी पूर्वीं नव्हती, एवढ्यानें भागत नाहीं; त्या धंद्यांतील सामान्य जाणत्या माणसाला ती सहज सुचण्यासारखी होती काय, हेंहि पाहावें लागतें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८५१ सालीं दाराच्या मुठीच्या खटल्यांत ही कसोटी सांगितली. लांकडाच्या किंवा धातूच्या ऐवजीं चिनी मातीची मूठ केली, एवढ्यानें ती शोध होत नाहीं. तें कुशल कारागिराचें काम, शोधकाचें नव्हे. त्याच न्यायानें सुती पिशवी काढून कागदी पिशवी लावली, एवढ्यावर कोणी मक्ता मागूं लागल्यास परीक्षकानें त्याला परत पाठवावें. इंग्लंडांत हा प्रश्न विचारण्याचा अधिकार परीक्षकास मिळावयास १९७७ चा कायदा यावा लागला.

ही कसोटी बोलावयास सोपी आणि लावावयास कठीण आहे, कारण उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडें सोपें वाटतें. एम्पायर नाट्यगृहांतला तो यंत्रवाला मूर्ख नव्हता. खिशांत रुमाल असलेला माणूस हवा उलट दिशेनें ओढण्याची गोष्ट अशक्य म्हणत होता, हें परीक्षकानें विसरतां कामा नये.

याचा सर्वांत बोलका दाखला अलीकडचा आहे. पिशवींत एक उपजत दोष आहे. कापडाच्या किंवा कागदाच्या ज्या छिद्रांतून हवा जावयाची, तींच धुळीनें बुजतात. वीण घट्ट करावी तर ओढ लवकर मंदावते, आणि सैल करावी तर बारीक धूळ पुन्हां खोलींत येते. १९७८ सालीं जेम्स डायसन या इंग्रज रचनाकारास या मंदावणाऱ्या ओढीचा कंटाळा आला. लांकडाच्या वखारींत करवतीचा भुसा हवेंतून वेगळा करण्यासाठीं एक मोठें निमुळतें नळकांडें असतें. त्यांत हवा भोंवऱ्यासारखी गरगर फिरते, जड भुसा कडेला फेंकला जाऊन खालीं पडतो, आणि मोकळी हवा वरून निघून जाते. येथें बुजावयाला छिद्रच नाहीं. ही युक्ति घरगुती यंत्रांत आणण्यासाठीं आपण ५,१२७ नमुने केले, असें डायसन सांगतो. त्याचा पेटंट-हक्क १९८० सालापासूनचा.

वीस वर्षांनीं खटला उभा राहिला. डायसन वादी आणि प्रतिवादी हूव्हर कंपनी. म्हणजे ज्या नांवाचा उदय उशीच्या अभ्र्यांतून झाला, तेंच नांव आतां पिशवीविरहित यंत्र विकल्याबद्दल कोर्टांत आलें होतें. हूव्हरचें म्हणणें असें कीं, भोंवऱ्याचें नळकांडें कारखान्यांत जुनेंच आहे. तें घरगुती यंत्रांत बसविणें ही उघड गोष्ट, म्हणून पेटंटच रद्द करावें. हें म्हणणें वरवरचें नाहीं. पेटंट-कचेऱ्यांच्या वर्गवारींत घरगुती सफाईच्या यंत्रांचें दप्तर निराळें आणि कारखान्यांतील भोंवऱ्याच्या नळकांड्यांचें निराळें. परीक्षकाला दोन्ही कपाटें उघडतां येतात. पण प्रश्न परीक्षकाला काय दिसतें हा नसून, १९८० सालच्या यंत्रवाल्यानें दुसरें कपाट उघडलें असतें काय, हा आहे. लंडनच्या पेटंट-कोर्टानें २००० सालीं निकाल दिला कीं, नसतें उघडलें. त्या धंद्याची दृष्टि पिशवीवर इतकी खिळली होती कीं, पिशवीवांचून यंत्र ही कल्पनाच त्याला ऐकूं येत नव्हती. पेटंट खरें ठरलें, आणि २००१ सालीं अपील-कोर्टानेंहि तोच निकाल कायम केला. १९०८ सालचा शोध १९८० पर्यंत पूर्वग्रह होऊन बसला होता.

या सर्व हकीकतींतून मला एकच गोष्ट आपणांपुढें ठेवावयाची आहे. परीक्षक हा स्वतः एक गाळणी आहे, आणि गाळणीचें दुःख त्याच्याहि वांट्यास येतें. वीण सैल ठेवली, तर फ्राय समितीला आढळली तशी धूळ आंत येते, आणि लोकांच्या मालकीचें ज्ञान कोणा एकाच्या खिशांत जातें. वीण फार घट्ट केली, तर जुने तुकडे दाखवून प्रत्येक नवी जुळणी परत पाठविली जाते, आणि शोधक गुदमरतो. कांहीं टीकाकार म्हणतात कीं, परीक्षेचा हा खटाटोप सोडून सर्व कांहीं कोर्टावर सोंपवावें. ज्यांच्यापाशीं कोर्टाचा खर्च आहे, त्यांना हें परवडेल; ज्यांच्यापाशीं नाहीं, त्यांच्यासाठींच ही परीक्षा आहे. एका कचेरींत बसून जुनीं वर्णनपत्रें चाळणारा हा अनामिक माणूस, कोर्टाची पायरी कधींहि न चढणाऱ्या हजारों कारागिरांचा वकील असतो.

म्हणून पुढच्या दिवाळींत पदर खोंवून झाडू हातीं घेतला म्हणजे एवढें आठवावें. त्या पदराचा मक्ता आजवर कोणाला मिळाला नाहीं. आणि त्या पदरापासून पुढें ज्यानें खरोखर एक पाऊल टाकलें, त्याचें तें पाऊल कोणीं हिरावून घेतलें नाहीं. ही दोन्ही कामें एकाच वेळीं साधणें, यालाच परीक्षा म्हणतात.